यंदा आखाजीला झोका वहिनीलाही!

मैत्रिणींनो, टीव्हीवर ‘समर बार्बेक्यू’ बघितला की आपल्याला वाटतं, हे काही आपलं काम नाही. ती चकचकीत शेगडी, लांब दांड्याचे चिमटे, हिरवळीवरच्या टेबलखुर्च्या, झाडांना टांगलेले कागदी कंदील... छे, हे सगळं मुंबई-पुण्याचं नाहीतर अमेरिकेतलं! पण जरा नीट बघा. उघड्यावर निखारे करायचे, त्यावर काहीतरी छान भाजायचं, भोवती सगळ्यांनी बसून गरमागरम खायचं आणि जागा हातानं बनवलेल्या वस्तूंनी सजवायची. यातलं आपल्या रावेर-सावद्याकडच्या बाईला नवीन काय आहे?

‘बार्बेक्यू’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरचा. लाकडाच्या मचाणावर मांस ठेवून खाली जाळ करण्याची तिथल्या लोकांची रीत होती. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, मग इंग्रजांनी. आपण मात्र कुणाकडून काही उचललं नाही. कोकणात रायगडकडे हिवाळ्यात पोपटी लावतात, सोलापूर-मराठवाड्याकडे हुरडा भाजतात आणि आपल्या खान्देशात भरीत पार्टी होते. शेतातच कपाशीच्या पऱ्हाट्यांचा नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ करायचा, तेलाचा हात लावलेली हिरवी-पांढरी वांगी त्यात टाकायची, साल काढून बडगीत ठेचायची. मग कांद्याची पात, लसूण, मिरची, शेंगदाणे, कोथिंबीर आणि सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. ताट म्हणून केळीचं पान! जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केळीच्या मानांकनासाठी तर आपल्याच रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांनी पुढाकार घेतला होता. म्हणजे आपलं ताटही नावाजलेलं आणि ताटातला पदार्थही!

पण भरीत हिवाळ्याचं. उन्हाळ्यात वांग्यात बिया भरतात, चव जाते. मग उन्हाळ्यात काय करायचं? उन्हाळ्यात आपल्याकडे आखाजी असते की!

सण लेकीचा, राबणं सुनेचं

अक्षय्य तृतीया सगळ्या महाराष्ट्रात असते, पण तिची ‘आखाजी’ होते ती खान्देशातच. लेकी माहेरी येतात. निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. गौराईची गाणी होतात. सालदाराचं वर्षही आखाजीलाच बदलायचं. पितरांसाठी घागर भरतात, वर डांगर, आंबा ठेवतात. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी या सणावर कविता केली, ती काही उगाच नाही. वर्षभर शेतात आणि घरात पिचलेल्या बाईला त्या दोन-चार दिवसांत पुन्हा पोर व्हायला मिळायचं.

आता जरा घरात डोकावून बघू. लेक झोक्यावर आहे. पुरुष मंडळी ओट्यावर पत्त्यांचा डाव मांडून बसली आहेत. आणि त्या घरची सून? ती सकाळी पाचपासून चुलीपुढे आहे. पुरण शिजवायचं, वाटायचं, खापरावर पोळ्या टाकायच्या, रस काढायचा, कुरडया-पापड-भजी तळायची. बाहेर पारा ४४-४५ वर आणि आत खापर तापलेलं! तिची नणंद माहेरी आली म्हणून घरात आनंद आहे, पण तीही कुणाची तरी लेकच आहे ना? तिचं माहेर बहुतेक वेळा नणंद सासरी परतल्यावर. तोवर शाळेच्या सुट्टीतले पाहुणे, लग्नाच्या तिथी, वाळवणं... आणि मग राहूनच जातं.

यात कुणाची नणंद वाईट नसते आणि सासूही वाईट नसते. रीतच तशी पडलेली असते. सासूनंही तिच्या काळी हेच केलेलं असतं. पण रीत बदलायला भांडण लागत नाही, कधीकधी नुसती चुलीची जागा बदलली तरी पुरतं.

हेच बघा ना. भरीत पार्टीला वांगी भाजायला कोण पुढे असतं? पुरुष! ‘हट, तुला जमणार नाही’ म्हणत एकजण जाळ धरतो, दुसरा बडगीत मुसळी चालवतो, तिसरा पानं धुतो. शेतात, उघड्यावर, चारचौघांत त्यांना स्वयंपाकाची लाज वाटत नाही. उलट ऐट वाटते! मग हीच युक्ती आखाजीला का वापरू नये? स्वयंपाक घरातून अंगणात आणला की तो एकटीचा राहत नाही.

म्हणूनच यंदासाठी ही कल्पना : आखाजीचा नैवेद्य, घागर, पुरणपोळी सगळं नेहमीसारखं, त्यात काही बदल नको. मात्र दुसऱ्या दिवशी किंवा येणाऱ्या शनिवार-रविवारी, माहेरवाशिणी अजून घरी असताना, एक संध्याकाळ निखाऱ्यांवरची. थीम अर्थातच ‘झोका’. आणि अट एकच. त्या संध्याकाळी घरच्या सुनेनं निखाऱ्यापाशी जायचं नाही!

आधी माणसं ठरवा, मग मेनू

पार्टी म्हटलं की आपण आधी काय करायचं ते ठरवतो आणि कुणी करायचं ते ठरवतच नाही. मग सगळं फिरून त्याच दोन हातांवर येतं. यावेळी उलटं करा. वहीच्या एका पानावर कामं लिहा, समोर नावं लिहा आणि तो कागद दारावर चिकटवा.

* निखारे, भाजणं, बट्टी – घरातले दोन पुरुष
* कणीक मळणं, वरण – आलेल्या माहेरवाशिणी
* सजावट – मुलं-मुली आणि ज्यांना बसून काम हवं अशा आजी
* पाणी, पन्हं, पानं मांडणं – कॉलेजातली मुलं
* आवरणं – ज्यांनी सगळ्यात कमी काम केलं ते!

सुनेचं नाव कुठंच लिहायचं नाही. ‘आई, वहिनीला एक संध्याकाळ देऊ या ना,’ हे वाक्य सुनेनं म्हणण्यापेक्षा लेकीनं आईला म्हटलं तर ते जास्त गोड लागतं. तेव्हा माहेरी आलेल्या मैत्रिणींनो, पुढाकार तुमचा हवा. तुम्हीही कुठल्या तरी घरी वहिनी आहातच की!

आणि बोलावताना थोडा विचार करा. ज्यांचे आईवडील आता नाहीत आणि आखाजीला बोलावणारं कुणी उरलं नाही अशी एखादी शेजारीण असते. एखादी काकू नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला येत नाही. हे हळदीकुंकू नाही. झोक्यावर बसायला कुणालाच मनाई नसते. त्यांना आवर्जून बोलवा, जमलं तर घरी जाऊन.

सजावट : केळीच्या बागेतून

सजावटीसाठी बाजारात जायची गरज नाही. ज्या झाडाचा घड उतरवून झाला आहे, त्याचं खोड आणि पानं तशीही काढून टाकायचीच असतात. तीच आणा. घड लागलेल्या झाडाची चांगली पानं तोडू नका. घड त्या पानांवरच पोसला जातो. आणि स्वतःची बाग नसेल तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच.

एक सूचना आधी. केळीचा चीक कपड्यावर पडला की त्याचा तपकिरी डाग काही केल्या जात नाही. तेव्हा जुने कपडे घाला, मुलांनाही घालू द्या, हाताला आणि विळीला तेल लावा.

*पानांचं तोरण :* पान मधल्या शिरेपासून वेगळं करून वीतभर लांबीचे, आंब्याच्या पानासारखे टोकदार तुकडे कापा. वरची बाजू सुतळीवरून दुमडून खराट्याच्या काडीनं टोचा. मधूनमधून मोगरा नाहीतर झेंडू. आपल्याकडच्या उन्हात पान तासाभरात माना टाकतं, म्हणून तोरण संध्याकाळीच करा आणि तोवर पानं ओल्या बारदानात गुंडाळून सावलीत ठेवा.

*देठाचे छापे :* हा प्रकार मुलांना फार आवडेल. केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की आत मधाच्या पोळ्यासारखी सुंदर जाळी दिसते, आकार चंद्रकोरीचा. हाच आपला ठसा! गेरू पाण्यात कालवा, दुसऱ्या वाटीत हळद. ठसा बुडवून जुन्या पांढऱ्या चादरीवर चंद्रकोरींच्या रांगा उमटवा. हळदीत चिमूटभर चुना टाकला की ती लाल होते, ही गंमत मुलांसमोर करून दाखवा. अशी चादर भिंतीला लावली की फोटोसाठी मागे पडदा तयार.

*नावाच्या पाट्या :* केळी पॅकिंगच्या खोक्यांचे पुठ्ठे आपल्या भागात ढिगानं मिळतात. हातभर लांबीच्या पाट्या कापा, कडेनं देठाचे छापे मारा आणि मधे येणाऱ्या प्रत्येकीचं नाव लिहा. फक्त तिचं नाव! अमक्याची आई नाही, तमक्याच्या मिसेस नाही. लहानपणी माहेरी ज्या नावानं हाक मारायचे ते नाव. बेबी, माई, छबू... जे असेल ते. सासूबाईंचंही विचारून घ्या. साठ वर्षांत त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नसेल. ही पाटी तिच्या बसायच्या जागेवर लावायची.

*खोडाचे दिवे :* खोडाचा वीतभर तुकडा उभा चिरून त्याची होडी करा. मधे वाटीएवढा खड्डा कोरून त्यात पणती बसवा. खोड पाण्यानं भरलेलं असतं, त्यामुळे ते सहसा पेट घेत नाही. संध्याकाळी वारा असतोच. पणती टिकत नसेल तर काचेच्या रुंद बरणीत बोटभर वाळू घालून त्यात ठेवा. मोठ्या परातीत किंवा घंगाळात पाणी भरून मोगरा आणि दोन-तीन होड्या सोडल्या की बघत राहावं असं दिसतं.

*झोका :* थीमच झोक्याची, तेव्हा त्याचा मान मोठा. निंबाची जाड, ओली फांदी बघा. वाळकी नको, किडलेली नको. जाड दोर बांधल्यावर आधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला बसवा, तो हसत उतरला की झोका पास! दोराला जुन्या साड्यांचे काठ गुंडाळा. आजीच्या, आईच्या, वहिनीच्या साडीचा एकेक काठ एकत्र वेणीसारखा घातला तर फारच छान. पाटावर जुनी गोधडी दुमडून ठेवा. झोक्याची जागा मात्र निखाऱ्यांपासून चांगली वीस-पंचवीस पावलं लांब हवी.

बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आणू नका. बाजा, सतरंज्या, गोधड्या यांच्यासारखी बैठक नाही. ताटं केळीच्या पानांची. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, आणि केळीच्या गावात थर्माकोल शोभतही नाही. पानं मात्र करपा नसलेली आणि नुकतीच फवारणी न झालेली घ्या, दोन पाण्यांनी धुवा.

निखारा : हौस खरी, पण जपून

मे महिन्यातला आपल्याकडचा वारा आणि वाळलेलं रान याचा भरवसा नाही. एक ठिणगी उडाली तर वर्षाचं पीक जाऊ शकतं. म्हणून पुढच्या गोष्टी हौसेपेक्षा आधी.

१. केळीच्या बागेला, कडब्याच्या गंजीला, गव्हाच्या वाळक्या धसकटांना लागून जाळ करायचा नाही. विहिरीजवळची मोकळी, झाडून पाणी मारलेली जागा बघा.

२. जमिनीवर ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या असतात. अंधारात दिसत नाहीत आणि निखारा पडला की वितळतात. आधी गुंडाळून बाजूला करा.

३. घमेल्याची शेगडी सगळ्यात सोपी. तीन-चार विटांवर लोखंडी घमेलं ठेवा, तळाला दोन बोटं वाळू, वर कोळसे किंवा पऱ्हाट्यांचे निखारे. वर लोखंडी जाळी. वेल्डिंगवाला एका दिवसात करून देतो. फ्रीजमधली जुनी जाळी वापरू नका, तिच्यावरचा मुलामा तापल्यावर अन्नात उतरू शकतो.

४. गावात राहणाऱ्यांनी गच्चीवर केलं तरी चालेल, पण जाळ थेट स्लॅबवर नको. खाली विटा हव्यातच.

५. रॉकेल, पेट्रोल, प्लॅस्टिक, रंग दिलेलं लाकूड अजिबात नाही. पेटवायला वाळकी काडी आणि थोडा धीर पुरतो.

६. दोन बादल्या पाणी आणि एक बादली वाळू हाताशी. भाजणाऱ्यानं सुती कपडे घालायचे. लहान मुलांसाठी शेगडीभोवती चुन्याची किंवा रांगोळीची रेघ मारा : ‘याच्या आत फक्त भाजणारे.’

७. वारा सुटला, आभाळ आलं, विजा दिसायला लागल्या तर निखारे विझवा, झोका सोडा आणि मंडळी घरात. मे-जूनचं वादळ आपल्या केळीवाल्यांना काय सांगायचं!

८. धगधगतं घमेलं कधीही घरात नेऊ नका. बंद खोलीत कोळशाचा वायू जीवघेणा ठरतो. कुणाला चटका बसला तर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही. जास्त भाजलं तर १०८ ला फोन.

निखाऱ्यावरचा उन्हाळी बेत

हा बेत पंधरा माणसांचा. आदल्या दिवशी पुरणावरणाचं झालेलं असतं, म्हणून आज तळण नाही, गोडाचा मारा नाही.

*भाजल्या कैरीचं पन्हं*

साहित्य : मध्यम ६ कैऱ्या, १ किलो गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड २ चमचे, काळं मीठ, साधं मीठ, थोडी वेलची.

कृती : आदल्या रात्री कैऱ्या निखाऱ्यात साल काळी होईपर्यंत आणि आतून मऊ होईपर्यंत भाजा. गार झाल्यावर गर काढून गूळ घालून कुस्करा. दुसऱ्या दिवशी माठातलं ३ लिटर पाणी, जिरं, मीठ, वेलची घालून ढवळा. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यापेक्षा याला धुराचा हलका वास येतो, तीच खरी मजा. आल्या आल्या प्रत्येकीच्या हातात हाच पेला द्यायचा.

*कच्च्या केळीचं भरीत*

वांग्याचा हंगाम गेला म्हणून भरताची हौस का मारायची? केळी आपल्याकडे बारमाही आहे.

साहित्य : हिरवी, कच्ची केळी १५ ते १८, हिरव्या मिरच्या १२ ते १५, लसणाच्या २ गड्ड्या, अर्धी वाटी शेंगदाणे, ४ कांदे बारीक चिरून, भरपूर कोथिंबीर, २ लिंबं, मीठ, फोडणीला तेल-जिरं.

कृती : केळी सालीसकट निखाऱ्यावर ठेवा. सगळीकडून काळी होईपर्यंत फिरवत राहा. पंधरा मिनिटांत सुरी अलगद आत जाते. गरम असतानाच साल काढा, गार झाली की गर घट्ट होतो. मिरच्या आणि लसूण जाळीवर भाजून बडगीत आधी ठेचा, मग केळी घाला. जास्त कुटू नका, चिकट होतं. फक्त मोडून घ्या. वरून तेल-जिऱ्याच्या फोडणीत परतलेले शेंगदाणे, कांदा, कोथिंबीर, लिंबू. चव वांग्याच्या भरताची नाही, तिची स्वतःची आहे. पहिल्या घासाला लोक थबकतात, दुसऱ्याला पुन्हा मागतात!

*गोवऱ्यांवरची बट्टी आणि वरण*

साहित्य : गव्हाचं रवाळ पीठ दीड किलो, मक्याचं पीठ १ वाटी, ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा, कडकडीत तेलाचं मोहन दीड वाटी, वरून घालायला तूप. वरणासाठी तुरीची डाळ पाऊण किलो.

कृती : पीठ घट्ट मळून अर्धा तास झाका. लिंबापेक्षा मोठे गोळे करून मधे अंगठ्यानं दाबा. साधारण ३० बट्ट्या होतात. गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊ द्या. लाल निखारे उरले की बट्ट्या त्यात मांडा, वरून गरम राख ओढा. दर पाच-सात मिनिटांनी फिरवत अर्धा तास. बट्टीला तडा गेला आणि ती टकटक वाजली की झाली. फडक्यात घालून चोळा, राख झटका, मोडून तुपात बुडवा. वरणाला हिंग-जिरं-लसणाची फोडणी. वरण घरात आधीच कुकरला लावून ठेवता येतं.

*पानातलं पनीर*

अर्धा किलो पनीरच्या जाड फोडी, त्याला कोथिंबीर-शेंगदाणे-मिरची-लिंबाची घट्ट चटणी चोळा. केळीचं पान निखाऱ्यावरून एकदा फिरवा म्हणजे मऊ पडतं, फाटत नाही. त्यात दोन-दोन फोडी गुंडाळून ओल्या सुती दोऱ्यानं बांधा. जाळीवर दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं. पान करपतं, आतलं पनीर वाफेवर शिजतं. कोकणातली पानगी अशीच पानात भाजतात.

सोबत अख्खे कांदे निखाऱ्यात पुरा, वरची साल जळाली की आतला कांदा साखरेसारखा गोड होतो. शेवटी थंड डांगराच्या फोडी. बस्स! इतकंच. पदार्थ वाढवले की काम वाढतं आणि काम वाढलं की ते कुणाकडे जातं, ते आपल्याला माहीत आहे.

संध्याकाळ अशी आखा

* आदल्या रात्री : कैऱ्या भाजणं, पुठ्ठ्याच्या पाट्या, चादरीवरचे छापे, झोक्याची वेणी.
* दुपारी ४ : पानं, खोडं आणून सावलीत. घराबाहेर फार हिंडायचं नाही, ऊन उतरलेलं नसतं.
* ५ : जागेवर पाणी मारणं, झोका बांधून तपासणं, तोरण.
* साडेसहा : घमेल्यात निखारे, गोवऱ्या पेटवणं. पाहुण्यांना पन्हं.
* पावणेसात-सात : सूर्य मावळला की दिवे, भाजणं सुरू. तोवर बायका झोक्यावर.
* आठ : पंगत. भाजणाऱ्यांनी वाढायचं.
* नऊ : गाणी, पत्ते, गप्पा. निखाऱ्यावर पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी ओतून मगच निघायचं.

गाणी आणि पत्ते

डीजे नको. आखाजीची, गौराईची गाणी घरातल्या आजीला येतात आणि तिच्यासोबतच ती जाणार आहेत. त्या संध्याकाळी तिला झोक्याशेजारी बाजेवर बसवा, एका मुलीला मोबाइलवर रेकॉर्डिंगचं काम द्या. पहिलं कडवं आठवायला वेळ लागेल, मग आजी थांबणार नाही. शब्द कळला नाही तर तिथंच विचारा. एका वहीत शब्द उतरवले तर पुढच्या आखाजीला तुमच्या घरची स्वतःची गाण्यांची वही असेल.

आणि हो, पत्ते! आखाजीला डाव मांडायचा मान काही पुरुषांनाच दिलेला नाही. पैशांनी नाही, चिंचोक्यांनी खेळा. हरेल त्या जोडीनं दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा सगळ्यांना द्यायचा. नवरा-बायको अशा जोड्या पाडू नका, दीर-भावजय, सासू-नातू अशा पाडा. मग बघा कशी रंगत येते!

खर्चाचं काय?

पनीर, तूप, डाळ आणि गूळ एवढंच विकतचं. पानं, खोड, गोवऱ्या, पऱ्हाट्या घरच्या किंवा शेजारच्या. घमेलं, बाजा, परात घरात असतातच. जाळी एकदा केली की हिवाळ्यात भरताला आणि पुढच्या उन्हाळ्यालाही उपयोगी. शेजारच्या चार घरांनी मिळून केलं तर एकेका घरावर भारही पडत नाही. एकीनं डांगरं आणावीत, एकीनं वरण, एकीनं कणीक. संध्याकाळ झाल्यावर पानं गुरांना, खोडं उकिरड्यावर, राख झाडांना. मागं कचरा म्हणून काही उरतच नाही.

एक शंका येणारच. ‘आमच्याकडे हे चालेल का?’ सासूबाई काय म्हणतील, नवरा भाजायला उभा राहील का, शेजारचे हसतील का. पहिल्या वर्षी थोडं हसतीलही. पुरुषांनी बट्ट्या करपवल्या तर सगळेच हसतील, हसू द्या! करपलेली बट्टी तूप लावून खाता येते. पण तुम्ही मात्र ‘सरका, मी करते’ म्हणून उठू नका. तो एक क्षण निभावला की पुढचं जमतं. आपण उठलो की पुढच्या वर्षीही आपणच उठतो.

आखाजी ‘अक्षय्य’ म्हणजे न संपणारी. त्या दिवशी दिलेलं दान कधी संपत नाही असं मानतात. मग पाण्यानं भरलेल्या घागरीसोबत घरच्या सुनेला एक मोकळी संध्याकाळही देऊन बघा. झोक्यावर तिच्या नावाची पाटी लावा, तिला बसवा आणि पहिला झोका तिच्या नणंदेनं द्या. जरा जोरात!